केबलवाल्यानं मराठी चॅनल बंद केले नव्हते

आमच्या घरी दहा-अकरा वर्षं मराठी चॅनल दिसत नव्हते. ते आमच्या केबलवाल्यानं बंद केले, असं माझी बायको समजत होती, आणि तिनं ते इथं रायपूरच्या समता कॉलनीतल्या बऱ्याच मराठी घरांमध्ये सांगितलंही होतं. ते खरं नाही. ते चॅनल मी बंद करायला लावले होते, तिला न विचारता. नंतर तिला सांगितलंही नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मला पळवाट राहणार नाही.

आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकात मी दर वर्षी काहीतरी लिहितो. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी झाली, त्यामुळे बहुतेक वेळा रेल्वेच्याच आठवणी असतात. मालगाड्यांचे कागद, बदल्या, वर्ध्याकडून नवीन आलेल्या माणसाची हिंदी ऐकून हसणारे सहकारी. लोक वाचतात आणि छान लिहिलंत म्हणतात. या वर्षीचा विषय मी निवडलेला नाही, पण त्याबद्दल शेवटी.

केबलचे डबे घरोघरी आले त्या सुमाराची ही गोष्ट. त्याआधी एक तार यायची आणि तिच्यातून सगळ्यांना सगळं सारखंच दिसायचं. डबा आल्यावर एकेका घराचा एकेक चॅनल चालू-बंद करता येऊ लागला. मला जे करायचं होतं त्याची सोय नेमकी तेव्हाच झाली.

एका संध्याकाळी ऑफिसचे साहेब मला त्यांच्या गाडीतून घरी सोडायला आले. मी त्यांना चहाला वर बोलावलं. बायको मराठी मालिका पाहत होती, त्या दिवशी मालिकेत लग्न होतं. ती उठली, "या, बसा" म्हणाली आणि आत गेली. टीव्ही चालूच राहिला. चहा यायला फार वेळ लागला. साहेब घड्याळ पाहून हसले. "अरे भाई, आपके यहाँ तो पूरा महाराष्ट्र चालू है. चाय तो शादी निपटने के बाद ही मिलेगी!" चहा पिऊन ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच गोष्ट चार जणांसमोर रंगवून सांगितली आणि चार जण हसले.

एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर लिहायला बरं वाटलं असतं.

त्याच्या पुढच्या सकाळी केबलवाला गल्लीच्या तोंडाशी शिडी लावून खांबावर काहीतरी करत होता. तो शहराच्या गुढियारी भागातला, तेव्हा पन्नाशीचा. मी खालून हाक मारली.

"भैया, मेरे घर के मराठी चैनल बंद कर दो."

"सब्बो?"

"सब."

"भाभी देखती हैं ना, बाबूजी."

"आठ दिन के लिए. पूछेगी तो बोलना, ऊपर से बंद है."

त्यानं शिडीवरून माझ्याकडे पाहिलं. मग "हव", म्हणजे हो, म्हणाला आणि पुन्हा तारेकडे वळला.

दोन दिवसांनी बायकोनं विचारलं, "अजी, मराठी काहून नाही येऊन राहिलं?" मी म्हटलं, "वरूनच बंद आहे म्हणे." तिनं केबलवाल्याला फोन केला. त्यानंही तेच सांगितलं.

आठ दिवस झाले. संध्याकाळी सातला मला बातम्या पाहायला मिळू लागल्या. चहा वेळेवर येऊ लागला. मला ते आवडलं. या सगळ्यात हे वाक्य लिहिताना माझा हात सर्वांत जास्त थांबला, म्हणून ते पुन्हा लिहितो. मला ते आवडलं. आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं. मग मला वाटायला लागलं की आता चालू करायला सांगितलं तर कशामुळे बंद होतं हेही सांगावं लागेल.

केबलवाला महिन्याच्या सुरुवातीला यायचा. बायको दारातच त्याला धरायची. तिची हिंदी वऱ्हाडी वळणाची आहे, पण रागात ती अडत नाही.

"क्यों भैया, भोजपुरी आती है, बंगाली आती है. हमारी मराठी को तुम्हारे तार का रास्ता नहीं मालूम क्या?"

"ऊपर से बंद हे, भाभी."

"ये तुम्हारा ऊपर कहाँ है? पता दो. मैं खुद जाके बोलती."

तो हसायचा आणि मान खाली घालायचा. मी आत पेपर धरून बसलेला असायचो. पहिल्या दोन-तीन वेळा त्यानं माझ्याकडे पाहिलं. नंतर त्यानं माझ्याकडे पाहणंच सोडलं.

एक खोटं बोलून भागत नाही, हे मला पुढे कळलं. कॉलनीतल्या एका घरी त्याचीच केबल होती आणि तिथं मराठी दिसत होतं. बायको ते पाहून आली आणि मला म्हणाली, "त्यांच्याकडं तर येते!" मी म्हटलं, "त्यांची लाईन वेगळी आहे, आपल्या लाईनवर नाही." तिनं मान हलवली, पण मनात वेगळाच हिशोब केला. आपल्या गल्लीतलं मराठी घर आपलं एकच, आणि हा माणूस एका घरासाठी कष्ट घेत नाही. त्यानंतर कॉलनीत कोणी नवीन मराठी कुटुंब राहायला आलं की ती त्यांना पहिल्याच भेटीत सांगायची, "त्याची केबल नका घेऊ बाप्पा, मराठी माणसाले तो मोजत नाही." त्यांनी डिश बसवल्या. एका भल्या माणसाचं नाव आमच्या घरातून खराब होत होतं आणि मला ते ऐकू येत होतं.

तिनं मलाही विचारलं होतं की आपणही डिश बसवू. मी म्हटलं होतं, केबल आहे ना, दोन दोन कशाला?

मग ती मागच्या गल्लीत जाऊ लागली. तिथं आमच्याकडचंच एक बौद्ध कुटुंब राहतं. नवरा स्टील प्लांटमधून निवृत्त, बायको मनानं मोठी. त्यांच्याकडे डिश होती. संध्याकाळी पावणेसात वाजले की माझी बायको एका वाटीत काहीतरी घ्यायची, चकलीचे तुकडे, भिजवलेली मटकी, जे असेल ते. रिकाम्या हातानं दुसऱ्याच्या घरी टीव्ही पाहायला जाणं तिला जमण्यासारखं नव्हतं. मी एकदा काही कारणानं तिला बोलवायला गेलो. सोफ्यावर जागा होती. ती दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पायात चप्पल तशीच. कोणी आलं तर लगेच उठता यावं म्हणून. त्यांच्याकडे जावई आले की ती पाच मिनिटांत परत यायची. "आज नाही पाहिलं. पाहुणे होते." मी "हं" म्हणायचो आणि बातम्या पाहायचो.

तिचे गुडघे गेले, तेव्हा तेही थांबलं. मग रोज आठच्या सुमाराला मागच्या गल्लीतून फोन यायला लागला. त्या बाई त्या दिवशीची मालिका हिला सांगायच्या आणि ही पलंगावर पाय लांब करून ऐकायची.

"मग? त्यानं तिले सांगतलं का नाही?"

पलीकडून काहीतरी सांगितलं जायचं.

"माय! अन् ती चूप बसली? काही बोलली नाही? कोणती साडी होती वं तिची?"

मी दुसऱ्या खोलीत असायचो. साडीचा रंग विचारणारा तो आवाज मला रोज ऐकू यायचा. तेव्हापासून मला बातम्या नीट ऐकवेनात. तरीसुद्धा मी दोन वर्षं गप्प राहिलो.

या उन्हाळ्यात मुलानं स्मार्ट टीव्ही आणला. तो नवा रायपूरला सरकारी कामात आहे, तिथंच फ्लॅटमध्ये राहतो आणि रविवारी येतो. आम्ही त्याच्याशी मराठीत बोलतो, तो हिंदीत उत्तर देतो. वर्षानुवर्षं असंच चालत आलं आहे. जुना जाड टीव्ही त्यानं काढला, नवा भिंतीला टांगला आणि आईच्या हातात रिमोट दिला. टीव्ही लावला की चित्रांच्या रांगा दिसत. एकीतून दुसरीत जायचं, मग तिसरीत.

"पापा, अब केबल कटवा दो. सब ऐप पे आता है. मम्मी का मराठी भी."

त्यानं मराठी चॅनल लावून दाखवला. थोडा वेळ दिसला, मग पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. बायकोच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. ती म्हणाली, "बेटा, मले नंबर दाबता येते. हे चित्रं सरकवणं नाही जमत. अन् हे गोल गोल काय फिरून राहिलं?"

"नेट स्लो है मम्मी. आदत हो जाएगी."

त्याचं ऐकलं असतं तर माझं काम फार सोपं झालं असतं. केबल कापली असती, ॲपवर मराठी आलं असतं आणि केबलवाल्यानं बंद केलं की मी, हा प्रश्न कोणी कधी विचारला नसता. मला ते त्याच दुपारी लक्षात आलं. माझं वय सत्तर आहे. हे एक राहून गेलं तर राहूनच जाईल, हेही लक्षात आलं.

मी म्हटलं, "केबल राहील. मराठी केबलवरच लागेल."

"क्यों, पापा? इतनी ज़िद किस बात की?"

"आहे एक बात," मी म्हटलं. तो हसला आणि आईला म्हणाला, "पापा को केबलवाले अंकल से प्यार है."

मी मनात पक्कं केलं की आधी चॅनल सुरू करायचे आणि मग तिला सांगायचं. आज पाहतो तर त्यातही भित्रेपणाच होता. हातात काहीतरी देऊन कबुली द्यावी, म्हणजे ती जरा हलकी पडेल, असा माझा विचार होता.

सोमवारी केबलवाल्याला बोलावलं. आता तोही साठीच्या पुढचा, जिना चढताना कठड्याला धरतो. त्यानं टीव्हीच्या मागे हात घालून पाहिलं. आमच्या जुन्या डब्याला लाल, पिवळी, पांढरी अशा तीन वायरी होत्या आणि नव्या टीव्हीला त्या खोचायला जागाच नव्हती.

"डब्बा बदलना पड़ेगा, बाबूजी. इसमें एचडीएमआई लगेगा." त्यानं चपट्या तोंडाची वायर कशी असते ते बोटांनी दाखवलं.

बायको आतून आली. "नवा टीव्ही आ गया भैया, अब तो मराठी दोगे? या नए टीव्ही को भी ऊपर से बंद है?"

त्यानं कित्येक वर्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "पाहू, डबा तर येऊ दे." तो "हव" म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

मंगळवारी सकाळी रिक्षा केली आणि गुढियारीला त्याच्या दुकानावर गेलो. मालगोदामाच्या रस्त्यावर ट्रक उभे होते, हमाल पोती उतरवत होते, म्हणून रिक्षा आत जाईना. शेवटचा तुकडा काठी टेकत चाललो. दुकान म्हणजे एक टेबल, भिंतीला डबे आणि तारांची वेटोळी. मला पाहून तो उभा राहिला. त्याच्याकडे मी पहिल्यांदाच गेलो होतो.

मी म्हटलं, "मराठी चालू कर दो. सारे."

"कर दूँगा. कल डब्बा लेके आता हूँ." मग म्हणाला, "बाबूजी, भाभी को बोल दूँगा, ऊपर से चालू हो गया. ठीक?"

तो मला वाचवत होता. इतकी वर्षं वाचवलं तसं आणखी एकदा. त्याच्या चेहऱ्यावर कसलाही टोमणा नव्हता, आणि मला तेच सहन झालं नाही.

"नहीं," मी म्हटलं. "ऊपर का नाम अब नहीं लेना. मैं बोलूँगा."

"घर में काहे झगड़ा करना बाबूजी, इस उमर में."

"मैं बोलूँगा," मी पुन्हा म्हटलं.

बुधवारी दुपारी त्यानं नवा डबा लावला. टीव्हीच्या रिमोटवर एक बटण दाबून त्या चित्रांच्या रांगांतून केबलवर कसं यायचं ते त्यानं दाखवलं, मग डब्याच्या रिमोटवर नंबर दाबला. पडद्यावर मराठी आलं. कोणी बाई भाजणीच्या थालीपिठाची कृती सांगत होती. बायकोनं पलंगावरची उशी पाठीला घेतली आणि ती बसली. थालीपीठ संपलं, जाहिराती लागल्या, तिनं जाहिरातीही पाहिल्या. संध्याकाळी तिनं मागच्या गल्लीत फोन केला. "आज मले नको सांगू वं. आज मी तुले सांगतो. पाहून राहिली न मी!"

ती एवढी खुशीत होती की मी म्हटलं, उद्या सांगू. खोटं नाही लिहीत, मी असंच ठरवलं.

गुरुवारी सकाळी अकराला तिनं टीव्ही लावला, तर पुन्हा चित्रांच्या रांगा. मराठी नाही, हिंदी नाही, केबलच नाही. तिनं दोन्ही रिमोटची बटणं दाबली. मी दाबली. पडद्यावर "सिग्नल नाही" अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत आलं.

"केलं न बंद!" ती म्हणाली. "एक दिवस दाखवलं अन् केलं बंद!" मी काही बोलायच्या आत तिनं फोन लावला होता.

"क्यों भैया, चिढ़ाने के लिए लगाया था क्या? एक दिन का दाना डाल के चले गए? इतने साल से देख रही हूँ, मराठी आदमी से तुमको क्या दुश्मनी है? साफ साफ बोलो ना!"

पलीकडून त्याचा आवाज मला ऐकू आला. "आता हूँ, भाभी."

तो अर्ध्या तासात आला. धाप लागली होती. त्याला स्टूल दिलं, तो बसला आणि रिमोट हातात घेतला. बायको त्याच्यासमोर उभी राहून पुन्हा सुरू करणार, इतक्यात मी उठलो.

"थांब," मी म्हटलं. "त्याले काही म्हणू नको. मराठी त्यानं बंद नाही केलं. मी करायले लावलं."

"तुम्ही? काल?"

"काल नाही. तेव्हा. पहिला डबा आला तेव्हा."

तिला कळलं नाही. "तेव्हा तर वरून बंद होतं."

"वरून काही बंद नव्हतं. मीच त्याले सांगतलं होतं. वरून बंद आहे असं म्हण, हेही मीच सांगतलं."

ती केबलवाल्याकडे वळली. "भैया, ये क्या बोल रहे हैं?"

त्यानं रिमोट मांडीवर ठेवला. "हव, भाभी." एवढंच.

"काहून?" तिनं मला विचारलं. मी सांगितलं. साहेब आले होते, मालिकेतलं लग्न, चहाला झालेला उशीर, ऑफिसातलं हसणं. एका दमात सांगितलं. जणू दुसऱ्याच कोणाला सांगावं तशी ती म्हणाली, "त्या दिवशी दूध फाटलं होतं."

मला समजलं नाही.

"दूध फाटलं होतं. साहेबासमोर कसं सांगू? मागच्या दारानं गेली, दोन घरी मागतलं. तिसऱ्या घरी भेटलं. म्हणून उशीर झाला. टीव्ही पाहायले मी होती कुठी तिथं?"

त्या संध्याकाळी उशीर का झाला, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

ती खाली बसली. मग केबलवाल्याला म्हणाली, "और आप? मैं इतना बोलती थी आपको. दरवाज़े में खड़ा करके बोलती थी. आप क्यों नहीं बोले?"

"बाबूजी आठ दिन बोले थे, भाभी. मैंने सोचा, आठ दिन में खुद ही बोल देंगे. फिर बहुत दिन हो गया. तब बोलता तो आपके घर में आग लगती." मग जरा हसून म्हणाला, "आपकी गाली में वैसे मज़ा भी आता था. तार का रास्ता वाली बात मैंने घर में भी सुनाई थी."

बायको हसली नाही. तिनं स्टूल बाजूला सारायला लावलं, आतून चांगली खुर्ची आणायला मला सांगितलं आणि त्याला तिच्यावर बसवलं. चहा केला. त्याला दिला, स्वतः घेतला. मला दिला नाही. ते पाहून केबलवाला अवघडला, मी त्याला खुणेनंच म्हटलं, घे.

चहा पिऊन त्यानं टीव्ही तपासला. सिग्नल ठीक होता. त्यानं विचारलं, "रात को बोर्ड से बंद करते हो क्या?"

आम्ही करतो. म्हणजे मी करतो. टीव्ही पाहून झाला की भिंतीवरचं बटण खाली. ऑफिसात दिवे-पंखे बंद करून कुलूप लावायचं काम माझ्याकडे होतं, ती सवय घरात आली आणि माझ्या देखरेखीखाली घरची रीतच झाली. जुन्या टीव्हीचं त्यानं काही बिघडलं नाही. नवा मात्र मुळापासून बंद केला की आदल्या दिवशी काय चालू होतं ते विसरतो आणि सकाळी चित्रांच्या रांगांवर उघडतो. माझ्या घाईच्या दाबादाबीत केबलऐवजी भलतीच जागा निवडली गेली होती. बुधवारी रात्रीही मराठी माझ्याच हातानं गेलं होतं आणि शिव्या पुन्हा त्यालाच बसल्या होत्या.

तो गेल्यावर मी टीव्हीसमोर खुर्ची घेऊन बसलो. सेटिंगच्या आत सेटिंग, तिच्या आत आणखी. चष्मा काढून, घालून, एकेक शब्द वाचत गेलो. मुलाला फोन करावासा वाटला, केला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. टीव्ही सुरू झाल्यावर काय दाखवायचं, हे निवडायची एक ओळ होती. तिथं केबलच्या डब्याची वायर जिथं जोडली आहे ती जागा निवडली. बोर्डाचं बटण दहा वेळा खाली-वर करून पाहिलं. दहाही वेळा थेट मराठी लागलं. बायकोनं ते पाहिलं. "बरं" म्हणाली.

त्या तीन दिवसांत आणि पुढचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. जेवायला बसा, गोळी घेतली का, फोन वाजतो. रडली नाही, ओरडली नाही. संध्याकाळी सातला ती टीव्हीसमोर बसायची आणि मी आतल्या खोलीत. पाचव्या दिवशी संध्याकाळी मालिका संपल्यावर तिनं मला बाहेर बोलावलं.

"मी ज्या ज्या घरी सांगतलं, की तो मराठी माणसाले मोजत नाही, त्या सगळ्या घरी आता तुम्ही जा. तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

"जातो," मी म्हटलं.

"अन् अंकात लिहा. दर वर्षी रेल्वे रेल्वे लिहिता न? या वर्षी हे लिहा. नावं नका टाकू, त्याचं नको, माझं नको. पण लिहा."

"लिहितो."

"अन् मी माफ केलं म्हणून नका लिहू. मी केलं का नाही, ते मले अजून माहीत नाही."

म्हणून ते मी लिहीत नाही.

तिनं घरांची नावं सांगितली आणि मी कागदावर उतरवली. सात घरं निघाली. आजपर्यंत पाच झाली. रोज संध्याकाळी सातला निघतो, कारण त्या वेळी लोक घरी असतात. पहिल्या घरी वाक्य दोनदा अर्ध्यावर सोडलं. ते गृहस्थ गोंधळले, म्हणाले, "अहो काका, एवढं काय त्यात, चॅनलच तर होते." मी म्हटलं, "चॅनल माझ्या घरचे होते, पण नाव त्याचं खराब झालं. तुम्ही त्याची केबल घ्या असं मी म्हणत नाही. तो माणूस तसा नाही, एवढंच ऐकून घ्या." दुसऱ्या घरी वाक्य सरळ आलं. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी मला चांगलंच झापलं आणि वर सरबतही दिलं. मागच्या गल्लीत मी पाचव्या दिवशी गेलो. त्या बाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुम्हाले माहीत होतं, अन् ती आमच्या दारात बसत होती?" मी हो म्हटलं. तरी त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या.

दोन घरं उरली आहेत. एक याच कॉलनीत आहे, ते लोक लग्नाला गावी गेले आहेत, सोमवारी येतील. दुसरं कुटुंब नवा रायपूरला राहायला गेलं आहे. तिकडे बस कमी आणि स्टॉपपासून घर लांब. मुलाला मी रविवारी गाडी घेऊन लवकर ये म्हणून सांगितलं आहे. कशासाठी, हे त्यानं विचारलं. तेही त्याला गाडीतच सांगणार आहे.